सतराव्या शतकाचा धुरा

तुळशीराम गुरुजी गेला, त्या दिवशी गडचिरोलीच्या पोरींनी आपापल्या मोबाइलवर त्याचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमचे सर'. माझ्या नातीनं मला तो आणून दाखवला. मी म्हटलं, ठेव बाजूला. आमचे सर! वर्ष-दीड वर्ष यांच्या फळ्यासमोर उभा राहिला असेल नसेल, तर यांचा झाला. मग त्याआधीचा सारा जन्म तो काय वाऱ्यावर होता?

तो माझ्या शेजारचा होता. त्याच्या घराची भिंत माझ्या घराच्या भिंतीला लागून, आणि त्याची बांधी माझ्या बांधीला लागून. बांधी म्हणजे धानाचं चौकोनी वावर. पाणी धरून ठेवायला चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. आमच्या मूल तालुक्यात सारी शेती अशीच.

आम्ही दोघं एकाच साली शाळेत बसलो. मी तिसरीतून उठलो, तो बसून राहिला. लोक म्हणतात, तो हुशार होता. मी म्हणतो, त्याच्या घरी बैल नव्हते. बैल असते तर त्यालाही उठवलं असतं, आणि माझ्या घरी नसते तर मीही गुरुजी झालो असतो. हे मी त्याच्या तोंडावर कितीदा म्हटलं. तो म्हणायचा, "अगदी खरं हाये लहान्या." वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

उंच, हाडकुळा माणूस. चालताना डावा खांदा पुढं, जसं समोर दार आहे आणि ते ढकलायचं आहे. चष्म्याला काळा दोरा. खिशात लाल-निळी पेन्सिल, आणि तिला विसावा नाही. गावात कोणाची लग्नपत्रिका आली की हा ओसरीवर बसून तिच्यातल्या चुका लाल करायचा आणि पत्रिका परत त्याच घरी नेऊन द्यायचा. माझ्या मोठ्या पोराच्या लग्नात हेच केलं. मी चिडलो. म्हटलं, "लेका, लग्नाले याचं तं ये, नाई तं नको येऊ. पेपर काऊन तपासते?" तो आला, पंगतीत पोटभर जेवला आणि आहेराच्या पाकिटात ती तपासलेली पत्रिका पुन्हा घालून दिली.

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खायचा. पण बोलणं थांबवून थुंकायला जाणं त्याला जमत नसे. म्हणून तोंडातला रस सांडू नये अशा बेतानं हनुवटी वर करून बोलायचा. शाळेतल्या लेकरांना वाटायचं गुरुजी फार अकडू आहे. अकडू नव्हता. तोंड भरलेलं होतं. रोज संध्याकाळी माझ्या वट्यावर आम्ही दोघं बसायचो, एक खर्रा अर्धा अर्धा करायचो, आणि मी बोलायचो, तो हनुवटी वर करून ऐकायचा. असं ऐकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. बाकीचे लोक आपली पाळी कधी येते ते पाहत असतात.

त्याची नोकरी संपली तेव्हा गावानं सत्कार केला, आणि सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या. आता शाळा नाही, तपासणी नाही, तालुक्याची मीटिंग नाही. आता हा पुरा माझ्या वट्यावरचा. थोडे दिवस तसं झालंही. मग एक दिवस तो मूलहून पुस्तकांचं खोकं डोक्यावर घेऊन आला.

"एम.ए. करतो म्हणतो. घरूनच. इंग्रजीत."

"काऊन? पेन्शन कमी पडून राह्यली का?"

"नाई रे. राहून गेल्तं."

"माहंही लय काही राहून गेलं. मी काय या वयात बाराखडी घोकू?"

"घोक ना. मी शिकवतो."

हे तो गमतीनं बोलला की खरं, ते मी विचारलं नाही. विचारायची मला गरजही नव्हती.

त्याचा एक जुना विद्यार्थी आहे, प्रमोद. गडचिरोलीत क्लास चालवतो. कॉलेजात जाणारी पोरं-पोरी तिथं येतात. धानोऱ्याकडची, एटापल्लीकडची, जंगलातल्या गावातली. घरी गोंडी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली, आणि आता कॉलेजात इंग्रजीशी झोंबणारी. हा प्रमोद एकदा पेढे घेऊन आला आणि माझ्या देखत म्हणाला, "गुरुजी, तुमचं एम.ए. झालं का सरळ गडचिरोलीले या. आमच्या पोरायले इंग्रजी साहित्याचा इतिहास समजावून सांगनारा मानूस नाई. घर मी पाहून ठेवतो." तुळश्याचा चेहरा असा उजळला, की तसा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. आणि त्याच्या लग्नात मी त्याच्या पाठीमागेच उभा होतो.

एकेक करून त्याचे पेपर निघाले. एकच अडला, तोच, साहित्याच्या इतिहासाचा. म्हणजे गोष्ट सरळ होती. पेपर निघाला की तुळश्या गडचिरोलीला. नाही निघाला तर माझ्या वट्यावर. तो निघू नये असं मला वाटायचं, आणि मी ते कोणापासून लपवलं नाही. त्याच्यापासूनही नाही.

अडचण अशी होती की त्याच्या डोक्यात शतकं टिकत नव्हती. म्हणायचा, "मानसं ध्यानात राह्यते लहान्या. कोन कोनाच्या आधी झाला ते नाई राह्यत." आमच्या भागात वाघ इतके झालेत की शेतात एकट्यानं जायची सोय नाही. म्हणून आम्ही जोडीनं जायचो, मी काठी घेऊन, तो पुस्तक घेऊन. एका सकाळी धुऱ्यावर चालता चालता तो एकदम थांबला. त्याच्या बांध्या एकीखाली एक उतरत जातात. तलावाचं पाणी वरच्या बांधीत येतं, तिथून खालच्या, तिथून आणखी खालच्या. तो वरून खाली पाहत राहिला आणि ओरडला, "सापडलं!"

मी काठी उगारली. मला वाटलं वाघ.

त्या दिवसापासून त्यानं इंग्रजांचा सारा इतिहास आपल्या वावरात मांडला. तलावाखालची सगळ्यात वरची बांधी, जिथं पाय घोट्यापर्यंत रुततो, ती अगदी जुन्या लोकांची. त्यांची भाषा आता खुद्द इंग्रजांनाही कळत नाही म्हणे. तिच्याखालची, गाडीवर नाटकं करणाऱ्यांची. मग राणीची बांधी, तिच्यात नाटकंच नाटकं. मग धुरा. धुऱ्यापलीकडे सतरावं शतक: राजाची मुंडी छाटली, नाटकं बंद झाली, प्लेग आला. तिच्याखाली कॉफी पीत एकमेकांची टिंगल करणाऱ्यांचं शतक; हे लोक मला त्यातल्या त्यात बरे वाटले. मग रानावनात फिरणारी, कविता करणारी आणि भराभर मरणारी तरुण पोरं. आणि सगळ्यात खाली, रस्त्याला लागून, कारखाने, धूर आणि लढाया. नावं मी लिहीत नाही. ती माझ्या जिभेवर बसत नाहीत आणि मी बसवलीही नाहीत.

रोज तो वरून खाली उतरत जायचा, मोठ्यानं बोलत. मध्येच थांबायचा, कपाळाला हात लावायचा, "थांब, एका शतकानं चुकलो," म्हणून मागं फिरायचा. मीही त्याच्यामागं फिरायचो. वाघाच्या भीतीनं.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली तेव्हा बायांनाही हे माहीत झालं. वच्छलाबाई म्हणजे रोवणीच्या बायांची म्होरकी, तोंडाची पटाईत. सकाळी सकाळी पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी हातात घेऊन विचारायची, "गुरुजी, आज कोन्या राज्यात लावाचं जी?"

"आज राणीच्या."

"मंग मजुरी राणी देईन का तुमी?"

सगळ्या खदखदून हसायच्या. तोही हसायचा. माझा पाय जरा त्याच्या बांधीत पडला की हा ओरडायचा, "अरे, तू अठराव्या शतकात चिखल करून राह्यला!" पुन्हा हसू. एक सांगतो, यात बढाई नाही. त्याआधी आमच्या शिवारात रोवणीच्या बायांना हसवणारा माणूस म्हणजे मी होतो. बाया माझ्या बांधीत यायला भांडायच्या, का तर लहानूभाऊच्या बांधीत कंबर दुखत नाही. दोन पावसाळ्यांत तो मान गेला. गेला तोही अशा माणसाकडे, ज्याला हसवायचं नव्हतंच. तो आपला अभ्यास करत होता.

एकदा मात्र मी त्याला पकडलं. त्या सतराव्या शतकात एक आंधळा कवी होता. तो कविता तोंडानं सांगायचा आणि त्याच्या पोरी लिहून घ्यायच्या. तुळश्या हे अगदी डोळे ओले करून सांगत होता. मी धुऱ्यावरून विचारलं, "अन पोरीयले काय भेटत होतं?"

तो थांबला. "ते पुस्तकात नाई."

"मंग कायचा इतिहास तुहा?"

वच्छलाबाई म्हणाली, "बरोबर बोलले भाऊ." सगळ्या बाया माझ्याकडे पाहून हसल्या. तो दिवस माझा होता. पण हा माणूस हरल्यावरही सुखानं राहू देत नसे. पुढं कधीतरी धावत वट्यावर आला, मोबाइल हातात, त्यात कोणत्या तरी बाईचं भाषण चालू होतं. म्हणाला, "लहान्या, सापडलं रे! त्या पोरी वैतागल्या होत्या म्हने बापावर. कोनाले न समजनाऱ्या भाषा वाचाले लावत होता. तू म्हनला तेच!" इतक्या आनंदानं सांगितलं त्यानं, की माझी जीत त्याचीच होऊन गेली.

उन्हाळ्यात तर आणखी कहर. चंद्रपूरचं ऊन कसं असतं ते मी काय सांगू? दुपारी कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. अशा दुपारी हा ओल्या पंच्यानं डोकं बांधून मला सांगतो, "त्यायच्या उन्हाळ्यावर कविता हायेत. कोनाची तारीफ कराची असन तं म्हनते, तू उन्हाळ्यासारखी हायेस."

"कोनाले म्हनते? बायकोले?"

"हो. प्रेमानं."

मी आमच्या सरूला हाक मारली. "ऐकलं का वो? तू मे महिन्यासारखी हायेस."

ती आतूनच म्हणाली, "अन तुमी लाइट गेल्यासारखे."

तुळश्या हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला. मग चष्मा पुसत एकदम गंभीर झाला. "आपल्याले हेच कठीन जाते पाह्य. परीक्षेत लिहाचं का उन्हाळा गोड हाये. अन घामानं पेपर ओला होऊन राह्यला."

भांडणही झालं, एकदाच, पण खरं झालं. माझा आजा गोऱ्या साहेबाच्या शिकारीत हाका घालायला जायचा. जायचा म्हणजे नेत होते. वाघ एकीकडून हाकलायचा, साहेब दुसरीकडे मचाणावर बसलेला. आज्याच्या मांडीवर वाघाच्या पंजाची खूण होती, ती मी लहानपणी बोटानं चाचपली आहे. मी तुळश्याला म्हटलं, "ज्यायनं माह्या आज्याले वाघापुढं उभं केलं, त्यायचे गाने तू घोकते. लाज नाई वाटत?"

त्यानं पुस्तक मिटवलं. मग म्हणाला, "मचानावर बसनारे वेगळे, अन लिहिनारे वेगळे. साहेब इथी वाघ मारत होता, तवा त्याच्याच देशात लहान लहान लेकरं कारखान्यात मरत होते. कोनीतरी ते लिहून ठेवलं. आपल्यावर राज्य करनाऱ्याच्या घरात डोकावून पाहून राह्यलो मी. त्यायच्या घरातही हाका घालनारे होते रे."

"माह्या आज्यावर कोनी लिहिलं?"

"नाई लिहिलं. म्हनूनच म्हनतो, बाराखडी घोक."

त्या संध्याकाळी मी खर्रा अर्धा केला नाही. एकट्यानंच खाल्ला.

पण खरा राग मला आखजीच्या दिवशी आला. आखजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढतात, पाण्याची घागर भरतात. तुळश्याच्या घरी मी आमरसाची वाटी द्यायला गेलो, तर ओसरीवर पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या. त्याच्या बापाची, आईची, धाकट्या भावाची. आणि शेवटी एक जास्तीची. त्याची बायको शेवंतावहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, तुमीच विचारा, हा कोनता पाव्हना? ना गोत, ना नातं."

ते पान होतं त्या मरणाऱ्या तरुण पोरांपैकी एकाचं. पंचविशीत छातीच्या रोगानं गेला, परक्या गावात, आणि मरताना वाटत होतं की आपलं नाव कोणाच्या ध्यानात राहणार नाही. तुळश्याचा धाकटा भाऊही छातीच्याच रोगानं गेला होता, नागपूरच्या दवाखान्यात, जवळ कोणी नसताना. हे सारं मला माहीत होतं. तरी माझं डोकं फिरलं.

"माह्या मायनं तुले लहानपनी भरवलं. तिचं पान मांडलं का कधी?"

तो वाढता वाढता थांबला. म्हणाला, "तुह्या मायचं पान तुह्या घरी हाये, लहान्या. याले इथी कोन हाये?"

मी वाटी ठेवली आणि घरी आलो. 

आता त्या धुऱ्याची गोष्ट. त्याच्या बांध्या तशा लहान. ट्रॅक्टरवाला म्हणाला, गुरुजी, यात ट्रॅक्टर वळत नाही, ह्या दोन बांध्यांमधला धुरा फोडून टाका, दोन्हींच्या पातळीत बोटभरच फरक आहे. तो धुरा नेमका राणीच्या आणि सतराव्या शतकाच्या मधला. मी सांगितलं, "फोडू नको. मनुष्य मरते, धुरा राह्यते. तुह्या बापानं घातला तो." तो म्हणाला, "एक धुरा गेल्यानं काय होते? मले सारं पाठ हाये आता." फोडला. दोन बांध्यांची एक झाली. त्या साली धान बरं झालं.

मे महिन्यात तो चंद्रपूरला परीक्षेला निघाला. त्या सकाळी मी गावदेवीच्या, मातामायच्या, ठाण्यावरून परतत होतो आणि हा तिकडंच येत होता.

मी म्हटलं, "मी मायले कोंबडा बोलून आलो. तू नापास झाला का देतो."

"मीही तेच बोलाले चाल्लो. पास झालो का देतो."

"एकाच मायले?"

"गावात दुसरी कुठी हाये?" असं म्हणून तो पुढं गेला, डावा खांदा पुढं घालून.

संध्याकाळी आला तो पडलेला चेहरा घेऊनच. वट्यावर बसला. पाणी प्याला. म्हणाला, "वरतून उतरत आलो लहान्या, बरोब्बर. जुन्यायची बांधी, गाडीवाल्यायची बांधी, राणीची बांधी. पुढं पाय टाकला तं धुराच नाई. सारं पानी एक झालं. त्या आंधळ्या कवीले मी राणीच्या दरबारात बसवलं. राणी मेल्यावर जन्मलेला मानूस तो. नाटकं सुरूच नाई झाले अन मी बंद करून आलो."

दुसरा कोणी असता तर त्यानं पाठांतर कमी पडलं म्हटलं असतं. ह्याचं वावर चुकलं होतं.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

निकाल लागला, नापास. मायनं माझं ऐकलं. मी गावातला सगळ्यात भारी कोंबडा दिला आणि जेवायला तुळश्यालाही बोलावलं. आला. दोनदा रस्सा मागून घेतला आणि बोटं चाटत म्हणाला, "असा मिळत असन तं अजून एकखेप नापास झालो तरी चालते." मीही हसलो. त्या दिवसांत मी फार हसत होतो.

पण पुढं पाहिलं तर तो वट्यावर यायचा, अर्धा खर्रा घ्यायचा, हनुवटी वर करून ऐकायचा, आणि ऐकत नसायचा. मी एक गोष्ट मुद्दाम दोनदा सांगून पाहिली. त्याला कळलं नाही. माणूस मला मिळाला होता, पण रिकामा मिळाला होता.

धान घरी आलं, जमिनीत अजून ओल होती, तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "लहान्या, धुरा घालून दे."

"कोनता?"

"तुले मालूम हाये."

"मजूर लाव."

"लावतो. विसन्याले सांगतो."

विसन्याचा धुरा म्हणजे उंदरानं उकरलेली माती. पहिल्या पाण्यात बसतो. आणि तो माझ्या बांधीला लागून, सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर राहिला असता. आमच्या शिवारात सरळ धुरा घालणारे हात एकाचेच आहेत, हे विसन्याही सांगेल. मी फावडं घेतलं.

जुन्या धुऱ्याची रेघ धसकटांत अजून दिसत होती. तिच्यावरच पाया धरला. ओल्या मातीचं ढेकूळ, त्यावर ढेकूळ, पायानं तुडवायचं, फावड्याच्या पाठीनं बसवायचं, बाजूंना उतार द्यायचा. तो टोपल्यानं माती आणून देत होता. म्हातारा माणूस, धाप लागत होती, तरी तोंड चालूच. इकडं राणी मेली. इकडं राजा आला. हा अलीकडचा, हा पलीकडचा. धुरा जसा वर येत होता तसा त्याचा आवाज चढत होता.

मी काय करून राहिलो ते मला समजत होतं. प्रत्येक ढेकळासोबत तो गडचिरोलीकडे सरकत होता. हात जरा ढिला सोडला असता, एका जागी माती पोकळ ठेवली असती, तर कोणाला कळलं नसतं. पण मला वाकडं काम येत नाही. येत असतं तर केलं असतं.

दुपारी झाडाखाली भाकरी खाताना त्यानं विचारलं, "तू हे काऊन करून राह्यला?"

"विसन्याच्या हातचं पाहवत नाई म्हणून."

"अगदी खरं हाये," तो म्हणाला, आणि कांदा फोडून मोठा अर्धा माझ्याकडे सरकवला.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा चंद्रपूरला गेला. आल्यावर एवढंच म्हणाला, "धुऱ्यावर पाय बरोबर पडला." निकाल मोबाइलवर आला. माझ्याच नातीनं पाहिला आणि माझ्याच घराच्या भिंतीवरून ओरडली, "गुरुजी, झाले पास!" भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग शेवंतावहिनीचं हसणं. 

त्यानं नवसाचा कोंबडा दिला. मी गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. वहिनी वाटी घेऊन आल्या, "भाऊ, तुमच्यासाठी काळीज ठेवलं त्यायनं." मी वाटी सरूकडे सरकवली. रस्सा चांगला झाला होता, असं ती म्हणाली.

वहिनी सामानासोबत टेम्पोत पुढं गेल्या. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघाला. त्याची पिशवी मी उचलली. फाट्यावर आम्ही दोघंच उभे होतो. तो दोनदा म्हणाला, "येत जा तिकडं." मी म्हटलं, "वावर कोन पाह्यल?" मग बस आली, पोरापोरींनी ठासून भरलेली, सगळी गडचिरोलीच्या कॉलेजात जाणारी. मी आत शिरून पिशवी सीटखाली ढकलली. एक पोरगी उठली आणि त्याला खिडकीजवळची जागा दिली. काळी, किडकिडीत, दोन वेण्या घातलेली, छातीशी पुस्तक धरलेली. मी खाली उतरलो आणि वळसा घालून खिडकीखाली आलो.

मी सकाळपासून एक गोष्ट त्याला सांगायची ठरवली होती. काय ते इथं लिहीत नाही, ती त्याच्यासाठी होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्या पोरीनं वाकून पुस्तक त्याच्यापुढं धरलं आणि काहीतरी विचारलं. तो तिच्याकडे वळला. पुरा वळला. मला त्याचं पाठमोरं डोकं दिसत होतं, मानेवर वाढलेले पांढरे केस, आणि तिला सांगताना हवेत उठलेला एक हात. इंजिनाचा आवाज एवढा की शब्द एकही ऐकू येईना. खिडकी माझ्या हाताला लागत होती. ठोकता आली असती. ठोकली नाही.

बस गेली. वळणावर ती सागाच्या झाडांआड होईपर्यंत मी पाहत होतो. तो अजून तिच्याकडेच वळलेला होता.

काय विचारलं असेल तिनं?